मॅकिन्टॉश एसई या ॲपलच्या जुन्या कॉम्प्युटरची स्कझी (डिस्क जोडायची जुनी पद्धत) हार्ड डिस्क बंद पडली. त्याजागी एसडी कार्ड कसं लावायचं?

ब्लूस्कझी व्ही2 लावा: एसडी कार्ड मॅकला स्कझी डिस्क म्हणून दाखवणारा हा छोटा बोर्ड. मागचे स्क्रू टी15 टॉर्क्सचे असतात. हँडलमधले दोन खोल आहेत, लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर लागेल. बंद मशीनमध्येही पिक्चर ट्यूबमध्ये हाय व्होल्टेज टिकून राहतं, तिच्या रबरी टोपीला हात लावू नका. जुन्या डिस्कचीच 50 पिनांची केबल चालते. लाल कड पिन 1 कडे. मूळ डिस्कबरोबर तिचं टर्मिनेशनही (केबलच्या टोकाला सिग्नल परत उसळू न देणारी जोडणी) जातं, म्हणून ब्लूस्कझीच्या बोर्डावरचं चालू ठेवा.

कार्ड एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. कार्डवरच्या इमेज फाइलच्या (अख्खी डिस्क एका फाइलमध्ये) नावात ‘एचडी’नंतरचा पहिला आकडा स्कझी आयडी, म्हणजे केबलवरचा उपकरणाचा क्रमांक, ठरवतो: 0 द्या. 7 खुद्द मॅकचा असतो.

बहुतेकजण अडकतात ते इथे: मिनी व्हीमॅकमध्ये (जुन्या मॅकची नक्कल करणारा प्रोग्राम) चालणारी इमेज खऱ्या मॅकवर बूट होत नाही. तिच्यात नुसता व्हॉल्यूम (फाइलींचा भाग) असतो, पार्टिशन मॅप (डिस्कच्या भागांची यादी) आणि डिस्क चालवणारा ड्रायव्हर नसतो. दोन्ही असलेली रिकामी इमेज घ्या आणि सिस्टिम फ्लॉपीवरून टाका. सिस्टिम 7.1 पर्यंत व्हॉल्यूम 2 जीबीच्या आत हवा.

तरीही प्रश्नचिन्हाची फ्लॉपी लुकलुकली, तर कार्डवरची लॉग फाइल वाचा. इमेज सापडली की नाही ते तिथे कळतं.

आणि मशीन उघडलंच आहे तर 3.6 व्होल्टची बॅटरी आधी काढा. ती गळली की मदरबोर्ड खाते.