मायसनची पहिली बशी घेण्याआधी

जुनी पोर्सेलिन (चिनी मातीची) भांडी जमवायला थेट राजदरबारी मायसनपासून, म्हणजे जर्मनीतल्या सॅक्सनीच्या नामांकित पोर्सेलिनपासून, सुरुवात करायची म्हणताय, हौस दांडगी आहे! पण आधी डोळा तयार करा, खरेदी नंतर. ड्रेस्डेनच्या झ्विंगर राजवाड्यात सॅक्सनीचा शासक ऑगस्टस द स्ट्राँग याचा पोर्सेलिन संग्रह आहे. जपानी काकिएमोन (पांढऱ्यावर मोजकी रंगीत नक्षी असलेलं पोर्सेलिन) आणि त्यावरून मायसनने केलेली भांडी तिथे दोन्ही दिसतात. नुसती नक्षी बघू नका. भोवती सोडलेली पांढरी जागाही बघा. मला खरी गोडी तिथेच लागली.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- तळाच्या निळ्या तलवारींवर, म्हणजे मायसनच्या खुणेवर, भुलणे. ही खूण 1720 च्या दशकात आली आणि पुढे अनेकांनी तिची नक्कल केली. खूण सर्वांत शेवटी बघा.
- लाल ड्रॅगन दिसला की 'राजाचं ताट' समजणे. ती नक्षी 1918 पर्यंत सॅक्सनीच्या दरबारासाठी राखीव होती, नंतर कुणालाही मिळू लागली.
- डागडुजी न तपासणे. अंधारात यूव्ही टॉर्च मारा, नवा रंग बऱ्याचदा वेगळा चमकतो.

पहिली वस्तू म्हणून तडा गेलेली, पण अस्सल बशी घ्या. ती स्वस्त पडते आणि हातात घेऊन शिकता येतं. राजसंग्रहातल्या वस्तूंवर कोरलेल्या संग्रह-क्रमांकांचं एवढ्यात डोक्यात घेऊ नका. बशी मिळाली की तळाचा फोटो नक्की दाखवा.