शक्य आहे ते सगळं कुठेतरी घडलंच पाहिजे का?

नाही, विश्व अनंत आहे एवढ्यावरून शक्य ते सगळं घडलंच पाहिजे असं निघत नाही. सम संख्याच बघा, 2, 4, 6 करत कितीही पुढे जा, 3 काही भेटत नाही. मी इंदूरला फिजिक्स शिकवतो, पोरं दरवेळी हेच विचारतात की सर, सराफ्यात (इथला रात्रीचा खाऊबाजार) मी गराडू (तळलेला कंद) घेतले तर दुसऱ्या विश्वातल्या मी भुट्ट्याचा कीस घेतला असेल ना, तर बाबांनो ह्यू एव्हरेट या भौतिकशास्त्रज्ञानं 1957 मध्ये अनेक विश्वांची जी थिअरी मांडली त्यात फक्त क्वांटमच्या (म्हणजे अणूंच्या पातळीवरच्या फिजिक्सच्या) समीकरणातून निघणाऱ्या शक्यताच प्रत्यक्षात येतात, आपल्या मनात आलेला प्रत्येक 'असं झालं असतं तर' म्हणजे वेगळं विश्व नव्हे. ऊर्जा शून्यातून तयार झाली वगैरे तर त्यातही चालत नाही, आणि ही थिअरी अजून सिद्धही झालेली नाही.

एक गोष्ट मात्र मानावी लागेल. जागा खरोखर अनंत असेल आणि पदार्थ सगळीकडे रँडमच पसरलेला असेल (हे दोन्ही 'असेल'च बरं का) तर ठराविक जागेत अणूंच्या रचना मर्यादितच बसतात, म्हणून त्या रिपीट होणारच. मॅक्स टेगमार्क या भौतिकशास्त्रज्ञानं 2003 मध्ये अंदाज काढला होता, तुमची हुबेहूब कॉपी साधारण 10 चा 10^28 वा घात इतक्या मीटरवर. आपल्याला दिसू शकणारं विश्व सगळ्या बाजूंनी जेमतेम 4600 कोटी प्रकाशवर्षं, त्यामुळे तिची गाठ पडायचा प्रश्नच नाही.