अशक्तपणासाठी वर्षातून एकदा सलाईन लावून घेतलेली चांगली का? तिच्यात नेमकं असतं काय?

पाणी आणि मीठ. लिटरला 9 ग्रॅम मीठ. ग्लुकोजची बाटली वेगळी. 5 टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये 25 ग्रॅम साखर, म्हणजे दोन केळी खाल्लीत तर पोटात याहून जास्त जातं. बाटली पिवळी दिसली तर त्यात व्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडलेलं असतं. ताकद वगैरे काही नाही. मी वॉर्डात सिस्टर होते, या बाटल्या लावण्यातच नोकरीची सगळी वर्षं गेली.

माझ्या सासऱ्यांच्या हृदयाचं पंपिंग कमी होतं. पायांवर सूज, पाणीसुद्धा मोजून प्यायचं. दीर सुट्टीला आले, म्हणाले, "अण्णा किती उतरलेत, दोन बाटल्या लावून आणतो." मी आडवी आले, तर "वहिनी, तुम्ही सिस्टर आहात, डॉक्टर नाही." गावातल्या एका दवाखान्यात हृदयाचं काही न विचारता दोन्ही बाटल्या भराभर सोडल्या. रात्री अण्णांना आडवं होता येईना. छातीत घरघर, खोकल्याबरोबर फेस. पाठीला उशा लावून बसवलं आणि तसंच गाडीत घालून तालुक्याला नेलं. ऑक्सिजन लावला, लॅसिक्स हे लघवी वाढवणारं औषध दिलं, भरपूर लघवी झाली तेव्हा कुठे पहाटे श्वास खाली बसला. कमजोर हृदयाला एवढं पाणी पुढे ढकलता येत नाही, ते फुप्फुसांत साठतं. दीर अजूनही चारचौघांत सांगतात की बाटल्यांनी अण्णांना तरतरी आली होती, पुढचा त्रास दम्याचा.

तुम्ही आधी हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉईड तपासून घ्या. अशक्तपणाला कारण असतं, ते शोधायचं सोडून शिरेत पाणी कशाला भरायचं? ज्याला तोंडाने पिता येतं त्याला तोंडानेच द्यावं. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजूनच माणसं वाचवली.

हो, उलट्या थांबत नसतील, जुलाबांनी माणूस गळून गेला असेल, डेंगीत बीपी पडत असेल, तर सलाईन जीव वाचवते. तिथे माझं उत्तर दाखवून नको म्हणू नका. मात्र घरात कुणाला हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर सुई टोचण्याआधी ते स्वतःहून सांगा, कुणी विचारेल याची वाट बघू नका.

आणि आमच्या भाऊजींच्या वाचनात हे आलं तर: अण्णांचं डिस्चार्ज कार्ड माझ्याकडे आहे, त्यावर दमा कुठेही लिहिलेला नाही.