वहीतला बारावा दिवस

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो मी काल रात्री दोनदा मोठा करून पाहिला. पहाटे रंकाळा तलावावर चालणे आणि संध्याकाळी राजारामपुरीतल्या जिममध्ये वजने, अशा दोन्ही वेळच्या व्यायामाच्या निळ्या खुणा अकरा दिवसांपुढे आहेत आणि बाराव्या दिवसापुढे तू लाल पेनाने ‘चुकला’ असे लिहून त्याभोवती गोल काढला आहेस. त्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला, आदल्या रात्री जेवणात फक्त काकडी आणि ताक होते आणि झोप जेमतेम पाच तास झाली, हेही तू खाली बारीक अक्षरांत लिहिले आहेस. मला या पत्रात त्या लाल शब्दाबद्दलच बोलायचे आहे, कारण त्या बारा दिवसांतला सर्वांत योग्य निर्णय तुझ्या शरीराने बाराव्या दिवशी घेतला असे माझे ठाम मत आहे.

व्यायामाने ताकद येते असे आपण म्हणतो खरे, परंतु व्यायाम चालू असताना शरीर थकत आणि झिजत असते. स्नायूंतला साखरेचा साठा खर्च होतो, तंतूंवर ताण पडतो, आणि या सगळ्याची भरपाई व दुरुस्ती आपण जेवतो आणि झोपतो तेव्हा होते. वजने उचलल्यानंतर स्नायूंमध्ये नवी प्रथिने बांधली जाण्याचा वेग साधारण २४ ते ४८ तास वाढलेला राहतो. त्या अवधीत पुन्हा त्याच स्नायूंवर तेवढाच भार टाकला आणि पोटातही पुरेसे काही गेले नाही, तर गवंडी भिंतीवर चढलेला आहे पण खाली ना विटा आहेत ना सिमेंट, अशी अवस्था होते. तुझ्या मांड्यांचा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढला, तोही याच दुरुस्तीचा भाग होता. त्याला लॅक्टिक ॲसिड साचले असे म्हणण्याची पद्धत आहे, मात्र ते व्यायामानंतर तासाभरात बहुतेक निघून गेलेले असते. ठणका येतो तो सवय नसलेल्या ताणामुळे स्नायूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे. जिना चढताना नव्हे तर उतरताना तो अधिक जाणवला, कारण उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार पेलत असतो आणि हेच काम त्याला सर्वांत जड जाते.

आणखी एक गोष्ट आरंभी कोणी सांगत नाही. पहिल्या काही आठवड्यांत वजने हलकी वाटू लागतात ती मुख्यतः मज्जासंस्थेला स्नायूंकडून काम करून घेणे जमू लागल्यामुळे. दमही लवकर सुधारतो. स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागतो, आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा व स्वतः हाडे सर्वांत मागे राहतात. त्यांना कित्येक महिने द्यावे लागतात. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात तुला ‘आता मला सहज जमते आहे’ असे वाटेल तेव्हा तुझे गुडघे आणि नडग्या अजून पहिल्या आठवड्यातच असतील. दुखापती बहुधा याच उत्साहाच्या काळात होतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी एकोणीस वर्षांची असताना खो-खोच्या संघात होते आणि जिल्ह्याच्या निवडीसाठी रोज दोन वेळा सराव करत होते. आमच्या त्या वेळच्या प्रशिक्षकांची समजूत अशी होती की विश्रांती मागणारी मुलगी मनाने कच्ची असते. त्यातच श्रावण आला. सोमवार, शनिवार असे उपवास मी साबुदाण्याच्या मूठभर खिचडीवर काढत असे आणि तशीच मैदानावर जात असे. नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्यापासून चार बोटे वर, पावलीएवढ्या जागेत दुखू लागले. बोटाने दाबले की नेमक्या त्याच बिंदूवर कळ येई आणि दाबणे थांबवले तरी ती काही क्षण रेंगाळे. पहिल्या एक्स-रेमध्ये काहीच दिसले नाही, म्हणून मी पुन्हा धावले. तीन आठवड्यांनी काढलेल्या दुसऱ्या एक्स-रेमध्ये हाडाला गेलेली बारीक रेघ स्पष्ट दिसली आणि निवड चाचणी मी घराच्या खिडकीत बसून घालवली. जी गोष्ट मी तेव्हा आईलाही सांगितली नव्हती ती तुला सांगते: त्याआधीचे चार महिने माझी पाळी आलेली नव्हती आणि मला ती सोय वाटली होती. मेहनत मोठी आणि अन्न तोकडे झाले की शरीर आधी पाळी थांबवते, आणि त्यासोबत हाडांचे रक्षण करणारे संप्रेरकही कमी पडते, हे मला फार उशिरा कळले. तुझी पाळी अनियमित झाली तर ते व्यायाम लागू पडल्याचे लक्षण समजू नकोस. लगेच मला सांग, आणि ती तीन महिने आलीच नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाण्यात एक दिवसही घालवू नकोस.

माझे वडील तरुणपणी तालमीत जात. पहाटे जोर-बैठका, मग मातीत लढती, मग अंगाला माती लावून निवांत बसणे, दुपारी जेवून झोप आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत असा त्यांचा दिवस असे, आणि पोराने दुपारची झोप टाळली तर वस्ताद त्याला संध्याकाळी मातीत उतरू देत नसत. मेहनत, खुराक आणि आराम हे तीन शब्द त्या माणसांच्या तोंडी नेहमी एकत्र येत. आपल्या कोल्हापुराने मात्र यातला खुराक तेवढा उचलला. १९१२ साली शाहू महाराजांनी खासबागचे कुस्तीचे मैदान उभे केले त्या गावात आज बदामाची थंडाई, तूप आणि मटण पैलवानासारखे खाऊन दिवसभर गल्ल्यावर बसणारे लोक पुष्कळ आहेत. तू नेमके त्याच्या उलट करते आहेस; मेहनत पैलवानाची आणि खुराक काकडीचा. दोन्हींत हिशेब चुकलेलाच आहे.

विश्रांतीची किंमत काय असते हे खाशाबा जाधवांच्या गोष्टीतून मला जितके कळले तितके कोणत्याही प्रशिक्षणवर्गात कळले नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले, एवढे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी त्यांची दमछाक करणारी लढत झाली आणि ती संपताच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव्हशी लढायला उभे केले गेले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, परंतु त्यांच्या वतीने तो दाखवून देणारा भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती लढत हरले. इतक्या तयारीच्या मल्लाला जो अर्धा तास हवा होता, तो बारा दिवसांच्या नवशिक्या मुलीने स्वतःला नाकारावा हे मला पटत नाही.

आता तुझ्या आठवड्याबद्दल. वजनांचा व्यायाम आठवड्यात तीनच दिवस कर आणि दोन वेळांमध्ये किमान एक दिवस मोकळा ठेव. सोमवार, बुधवार, शुक्रवार हे तुझ्या कामाला सोयीचे दिसतात. मधल्या दिवशी रंकाळ्यावर चाल, पण अशा वेगाने की सोबतिणीशी बोलता येईल आणि गाणे मात्र म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. तू पहिल्या अकरा दिवसांतच त्याच्या कितीतरी पुढे गेली होतीस. वजन इतकेच घे की शेवटी आणखी दोन वेळा उचलता आले असते असे वाटावे. रविवार पूर्ण सुटीचा.

आहाराबाबत मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण खरी गफलत इथेच आहे. तुझे वजन ५८ किलो आहे. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे साध्या दिनक्रमाच्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे तुला सुमारे ४८ ग्रॅम. वजनांचा व्यायाम करणारीने ते ६० ते ७० पर्यंत न्यावे असे मी सांगेन. तू लिहिलेला दिवस मी मोजला: चहा-बिस्किट, पोहे, डब्यात दोन चपात्या आणि भाजी, रात्री काकडी आणि ताक. हे सारे मिळून पंचवीस ग्रॅमच्या आसपास जाते. ही तूट भरून काढायला पावडरीचा डबा लागत नाही. सकाळी दोन उकडलेली अंडी घेतलीस की १२ ग्रॅम झाले. डब्यात वाटीभर मटकीची किंवा हुलग्याची घट्ट उसळ घे, त्यात सातआठ मिळतात. संध्याकाळी जिमला जाण्यापूर्वी मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा, त्यात तितकेच. रात्री भाकरी, आमटी, वाटीभर दही आणि झोपण्यापूर्वी पेलाभर दूध. दूध मात्र तापवूनच पी. गंगावेशीत म्हशीची धार काढून समोर दिलेले धारोष्ण दूध हा आपल्या गावाचा अभिमान आहे आणि माझ्या वडिलांनी ते आयुष्यभर प्याले, तरीही न तापवलेल्या दुधातून क्षयासारखे आजार पसरू शकतात हे जाणून मी तुला त्याचा आग्रह करणार नाही.

भात आणि भाकरी यांना शत्रू मानू नकोस. स्नायूंतला साखरेचा साठा त्यांनीच भरतो आणि तो रिकामा असेल तर शरीर खाल्लेली प्रथिने बांधकामाला न वापरता इंधन म्हणून जाळू लागते. रविवारी घरात तांबडा-पांढरा रस्सा असेल तर सर्वांसोबत बसून जेव. वरचा तेलाचा तवंग चमच्याने थोडा बाजूला केलास तरी पुरे. रोज पहाटे फेरी संपवून मिसळ खायची टोळक्याची सवय मात्र लावून घेऊ नकोस. जेवणासोबतचा चहाही बंद कर, कारण चहामुळे अन्नातले लोह कमी शोषले जाते; त्याऐवजी उसळीवर लिंबू पीळ, त्याने ते अधिक शोषले जाते. तुला चढ चढताना लागणारी धाप मला केवळ सवय नसल्याची वाटत नाही. एकदा हिमोग्लोबिन तपासून घे. ते १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवून आधी त्यावर उपचार घे. तोपर्यंत फक्त चाल.

वजनकाट्याकडे रोज पाहू नकोस. नव्या व्यायामाने दुखावलेले स्नायू पाणी धरून ठेवतात, त्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा थोडा वर सरकतो आणि मुली घाबरून जेवण आणखी कमी करतात. तुला वजन उतरवायचेच असेल तर आठवड्याला अर्धा किलो ही गती पुष्कळ झाली.

झोपेत मी सवलत देणार नाही. सात तास हवेत, आठ झाले तर उत्तम. रात्री साडेआठला जिममध्ये जाऊन, साडेनऊला काहीतरी तोंडात टाकून, बारापर्यंत फोन पाहून पुन्हा पाचचा गजर लावायचा, ही व्यवस्था एखादा आठवडा टिकते आणि मग सर्दी तरी होते किंवा गुडघा तरी धरतो. ऑफिस सुटल्यावर थेट साडेसहाला जिमला जा, सायंकाळी पाचनंतर चहा घेऊ नकोस, आणि वजनांच्या दुसऱ्या दिवशी पहाटेची फेरी झोपेच्या आड येत असेल तर फेरी सोड. सकाळी उठल्यावर अंथरुणातच मनगटावर बोटे ठेवून मिनिटभर नाडी मोज. आठवडाभरात तुझा नेहमीचा आकडा कळेल. एखाद्या दिवशी तो सात-आठ ठोक्यांनी वाढलेला दिसला तर शरीर अजून सावरलेले नाही असे समज आणि त्या दिवशी वजनाला हात लावू नकोस.

व्यायाम करताना छातीत दुखले, भोवळ आली, किंवा सांध्यात एका बिंदूवर कळ आली तर तिथेच थांब. अंग ठणकत असताना लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झाला, तर कोणाचीही परवानगी न विचारता त्याच वेळी दवाखान्यात जा. अति श्रमाने स्नायू मोडून त्यातले द्रव्य मूत्रपिंडावर येते तेव्हा तसे होते, आणि पैजेवर शेकडो बैठका मारणाऱ्या तरण्याताठ्या पोरांनाही ते झालेले आहे.

वहीत आता तीन रकाने आखून घे: व्यायाम, जेवण, झोप. ज्या दिवशी व्यायामाचा रकाना रिकामा असेल त्या दिवशी उरलेले दोन निळ्या पेनाने अधिक काळजीपूर्वक भर, आणि बाराव्या दिवसापुढचा तो लाल शब्द खोडून तिथे ‘विश्रांती’ असे लिही. या रविवारी सकाळी नऊनंतर, पुरेशी झोप घेऊन, वही आणि रक्ताचा अहवाल मिळाला असेल तर तोही घेऊन घरी ये. हुलग्याचे माडगे करून ठेवते.

तुझ्या,
बाई