जुन्या स्कॅनरची घरघर

प्रश्न : माझ्याकडे २०० चॅनेलचा हातात मावणारा जुना रेडिओ स्कॅनर (पोलीस, विमानं वगैरेंचं वायरलेसवरचं बोलणं चॅनेलमागून चॅनेल शोधून ऐकवणारं यंत्र) आहे. पूर्वी त्यावर सतत काही ना काही बोलणं चालू असायचं. आता बरेचसे चॅनेल मुके झालेत. काहींवर स्कॅनर थांबतो, पण नुसती घरघर ऐकू येते. कुठे बोलणं लागलंच तर तेही बारीक आवाजात. यंत्र बिघडलं का? नवा डिजिटल स्कॅनर घ्यावा का?

उत्तर : यंत्र बिघडलेलं दिसत नाही. घरघर ऐकू येते, म्हणजे सिग्नल नीट पकडला जातोय. फक्त पलीकडून आता आवाजाऐवजी आकडे, म्हणजे डिजिटल सिग्नल, येताहेत. कान देऊन ऐका. न थांबता एकसारखी चालणारी घरघर बहुधा ट्रंकिंग यंत्रणेचा (थोडे चॅनेल अनेकांत गरजेनुसार वाटणारी यंत्रणा) कंट्रोल चॅनेल असतो; कोणी कुठल्या चॅनेलवर बोलायचं हे तो ठरवून देतो. टर्र-टर्र अशी तुटक ऐकू आली तर डीएमआर या डिजिटल वॉकीटॉकी पद्धतीचा हँडसेट असण्याची शक्यता जास्त. तो ३० मिलिसेकंद बोलतो, ३० मिलिसेकंद गप्प बसतो. आवाज बारीक होण्याचं कारण वेगळं. अनेक ठिकाणी चॅनेल अरुंद केले गेले, अमेरिकेत तर २०१३ पासून २५ ऐवजी १२.५ किलोहर्ट्झ सक्तीचे झाले. जुना स्कॅनर रुंद चॅनेलच्या हिशेबाने बनलेला, त्यामुळे त्याला हा आवाज दबका वाटतो. व्हॉल्यूम वाढवा, दुसरा इलाज नाही.

आता मुद्द्याचं. तुम्हाला ऐकायचंय काय, हे पत्रात कुठेच नाही, आणि सगळं अडतं तिथेच. विमानं ऐकायची असतील तर एक पैसाही खर्च करू नका. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर वैमानिक आजही साध्या एएममध्येच बोलतात, आणि मी स्वतः त्यासाठी जुनाच स्कॅनर वापरतो. (युरोपात मात्र चॅनेल ८.३३ किलोहर्ट्झच्या अंतराने आहेत. तिथे जुना स्कॅनर त्याहून मोठ्या पावलांनी सरकतो आणि नेमक्या चॅनेलवर थांबत नाही.) बोटींचं १५६ मेगाहर्ट्झच्या पुढचं बोलणंही अजून एफएमवरच आहे. अंतराळस्थानकाचा १४५.८०० मेगाहर्ट्झचा चॅनेलसुद्धा. हॅम मंडळी (हौशी रेडिओवाले) कधी शाळेतल्या मुलांचं अंतराळवीरांशी बोलणं घडवून आणतात, तेव्हा तो जुन्या स्कॅनरवरही छान लागतो.

पोलीस किंवा अग्निशमन ऐकायची सवय असेल तर आधी तिथली यंत्रणा कोणती ते शोधा. पी-२५ (अशा सेवांसाठीचं डिजिटल रेडिओचं मानक) असेल तर पहिला टप्पा की दुसरा, हे विचारल्याशिवाय सेकंडहँड डिजिटल स्कॅनरला हातही लावू नका. पहिल्या टप्प्याच्या यंत्राला दुसऱ्या टप्प्याचं बोलणं उलगडत नाही. एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक टॉवर एकदम बोलत असतील तर चांगले चांगले डिजिटल स्कॅनरही अडखळतात. युनिडेन कंपनीचा एसडीएस१०० स्कॅनर त्यासाठीच वेगळ्या पद्धतीने बनवलाय. आणि यंत्रणा कूटबद्ध असेल तर विषय संपला. कितीही महागडा स्कॅनर घ्या, तो गप्पच राहणार. दुकानदार हे आपणहून सांगेल अशी आशा धरू नका. अशी यंत्रं ऐकण्याबद्दलचा कायदाही देशोदेशी वेगळा आहे, तो आधी पाहा.

माझं ऐकाल तर आधी आरटीएल-एसडीआरचा यूएसबी डाँगल (संगणकाला रेडिओ बनवणारा छोटा रिसीव्हर) घ्या. लॅपटॉपला लावलात की साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यातला हवा तो तुकडा पडद्यावर दिसतो. कुठे हालचाल आहे, कुठे शुकशुकाट, हे महिनाभर बघा. त्यातून नव्या स्कॅनरचं कारण निघालं तर खुशाल घ्या. मला वाटतं, निम्म्या लोकांचं निघणार नाही.

जुना ठेवणार असाल तर त्यातले निकेल-कॅडमियम सेल काढून टाका. ते फुटून गळाले की सर्किट खातात. निकेल-मेटल हायड्राइडचे सेल घातलेत तर जुना चार्जर त्यांना लावू नका, वेगळा घ्या. सोबत मिळालेला आखूड रबरी अँटेनाही बदला. विमानांसाठी ५९ सेंटिमीटरची तार पाव तरंगलांबीला बरोबर बसते. जुन्या स्कॅनरला बहुधा बीएनसी जोड असतो आणि नव्यांपैकी बऱ्याच यंत्रांना एसएमए, तेव्हा अँटेना घेताना एक अ‍ॅडॅप्टरही घेऊन ठेवा.