वाचकांचे प्रश्न : अरबी सुलेखन पडद्यावर आणताना

प्रश्न : 'ईद मुबारक' अरबी लिपीत टाइप केलं की अक्षरं सुटी आणि उलट्या क्रमाने येतात. मग मुद्दाम उलट टाइप करावं का? (एक वाचक, मालेगाव)

उत्तर : मुळीच नको. तो मजकूर पुढे कुणी कॉपी केला किंवा दृष्टिहीन माणसाच्या फोनने वाचून दाखवला, तर निरर्थक निघेल. बहुतेक अरबी अक्षरांची जागेप्रमाणे चार रूपं होतात : सुटं, आरंभीचं, मधलं आणि शेवटचं. योग्य रूप निवडण्याचं काम सॉफ्टवेअरचं. ती सोय बंद असली की आपलं जोडाक्षर हलन्त होऊन फुटतं तसं होतं. इलस्ट्रेटर या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅरेग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) निवडा. इंकस्केप हे तसंच सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात अक्षरं आपोआप जुळतात.

मात्र प्रत्येक फट ही चूक नसते. अलिफ, दाल, झाल, रा, झाय आणि वाव ही 6 अक्षरं पुढच्याला जोडली जातच नाहीत. 'ईद'मध्ये ऐन, या, दाल सलग हवीत. 'मुबारक'मध्ये मीम-बा-अलिफ एकत्र, मग रा सुटा, काफ सुटा.

ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्यच ठेवा, नाहीतर सांधे उघडे पडतात. शब्द लांबवायचा असेल तर कशीदा घाला, म्हणजे जोडरेघच ताणली जाते. अक्षरांना बाह्यरेषा दिल्यावर सांध्यांवर आडव्या रेघा दिसल्या, तर मजकूर 'आऊटलाइन'मध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून ते आकार एकजीव करा. पण मुद्रितशोधन झाल्यावरच, नंतर अक्षर दुरुस्त करता येत नाही. फॉन्ट म्हणून 'अमीरी' घ्या : कैरोच्या बुलाक छापखान्याच्या नस्ख (अरबीची एक लेखनशैली) टाइपावर बेतलेला आणि मोफत. कुराणातली आयत असेल तर हाताने टाइप न करता 'तन्झील' या संकेतस्थळाचा तपासलेला मजकूर वापरा, आणि प्रसिद्धीआधी जाणकाराला दाखवाच.

प्रश्न : बोरूने लिहिलेलं सुलुस (अरबी सुलेखनाची एक शैली) स्कॅन केल्यावर मऊ, गुळगुळीत दिसतं. (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोष बहुधा ऑटो-ट्रेसचा, म्हणजे स्कॅनवरून आपोआप रेषा काढणाऱ्या सोयीचा. ते टोकं गोल करतं, आणि सुलुसचा सगळा रुबाब बोरूच्या तिरक्या कापाने उमटलेल्या कोपऱ्यांत असतो. 600 डीपीआयवर ग्रेस्केल (करड्या छटांत) स्कॅन करा. थेट कृष्णधवल पर्याय कडा करवतीसारख्या करतो. मग पेन टूलने हाताने रेखा. रेषेचे बिंदू वळणांच्या टोकांवर आणि कोपऱ्यांवरच ठेवा, कारण बिंदू वाढले की रेघ थरथरते. शेवटी मूळ लेखनातला एक नुक्ता (बोरूने उमटलेला चौकोनी ठिपका) उचलून त्याने मोजा : सुलुसमध्ये अलिफ सहसा 7 नुक्ते उंच असतो. नुक्ता चौकोनी न राहता वाटोळा झाला असेल तर ट्रेसिंग पुन्हा करा. मापापेक्षा आधी नुक्ताच बिघडतो.

प्रश्न : विजयपूरच्या इब्राहिम रोझा या आदिलशाही मकबऱ्याच्या जाळ्यांचे फोटो पेजवर टाकायचे आहेत. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : जरूर टाका. तिथे दगडी जाळीच अक्षरांची आहे, दख्खनमधलं असं काम लोकांना दिसायलाच हवं. कॅमेरा जाळीला समांतर धरा, थोडं मागे जाऊन झूम करा. जवळून वाइड लेन्सने कडेची अक्षरं ताणली जातात. मागून उजेड असेल तर एक्स्पोजर उजळ फटींवर ठरवा. ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी विचारा. जाळी चुकीच्या बाजूने टिपली तर मजकूर आरशातल्यासारखा येतो. 'अल्' शोधा : त्यात अलिफ लामच्या उजवीकडे हवा. डावीकडे दिसला तर फोटो आडवा फ्लिप करा आणि तसं फोटोखालच्या ओळीत लिहा. शिवाय मजकुराचं लिप्यंतर आणि मराठी अर्थही द्या.