बरड, भरड की खडीयुक्त?

प्रश्न असा आला: “भूगोलाच्या एका मजकुराचा अनुवाद करतोय. कोरड्या डोंगरउतारांवरच्या उथळ जमिनीचं वर्णन आहे. मी ‘उथळ खडीयुक्त मृदा’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘भरड जमीन’ केलं. आमचे आजोबा नागपूर जिल्ह्यातल्या नरखेडकडचे, ते म्हणाले, ‘अरे, त्याला बरड म्हणतात.’ बरोबर काय?”

आजोबा बरोबर.

आधी ‘खडीयुक्त’चं पाहू. खडी म्हणजे दगड फोडून केलेली, रस्त्यावर किंवा काँक्रीटमध्ये घालायची. डोंगराच्या अंगावर आपोआप सुटलेल्या खड्यांना कोणी खडी म्हणत नाही. ‘खडीयुक्त मृदा’ वाचलं की माझ्या डोळ्यांसमोर डोंगर येत नाही, पीडब्ल्यूडीचा ट्रक येतो.

‘भरड’ची गोष्ट जरा वेगळी. तो शब्द ‘भरडणे’चा भाऊ. भरड धान्य, वड्यांसाठी काढलेला भरडा, जाडंभरडं कापड, सगळीकडे अर्थ ‘बारीक नसलेलं’ असाच. मातीचा पोत भरड असू शकतो. नदीकाठच्या रेतीचा पोतही भरडच, पण ती जमीन बरड नव्हे. कोकणात उंचवट्यावरच्या जमिनीला भरड म्हणतात, मालवणात त्या नावाचा भागही आहे. तिकडच्या माणसाने लिहिलं तर मी हरकत घेणार नाही. तुमचा डोंगर कोरडा आहे आणि आजोबा नरखेडचे आहेत, म्हणून इथे ‘ब’च ठेवा.

बरड म्हणजे नुसती खड्यांची जमीन नाही. त्या शब्दात उथळपणा आहे, उतार आहे, पाणी न धरणं आहे आणि पीक जेमतेम येणंही आहे. पालखीच्या वाटेवर फलटणच्या पुढे बरड नावाचं गावच आहे. आपल्या नागपूरकडे इंग्रजांच्या मध्य प्रांताच्या काळात जमीनबंदोबस्त, म्हणजे सारा ठरवण्यासाठी जमिनींची मोजणी, झाला तेव्हा शेतकऱ्यांच्याच तोंडचे शब्द प्रतवारीसाठी उचलले गेले: काळी, मोरंड, खरडी, बरडी, रेताडी. काळी सगळ्यांत वरची. मोरंड तिच्या खालोखाल, चुनखडीचे खडे मिसळलेली. खरडी उथळ, हलकी. आणि टेकड्यांच्या उतारावरची तांबूस, खड्यांची ती बरडी. म्हणजे ज्याला आज आपण तांत्रिक संज्ञा म्हणू, ती वावरातूनच कचेरीत गेली होती.

‘मुरमाड’ चालेल का, असंही तुम्ही पुढे विचाराल. चालेल, पण त्याचं काम वेगळं. मुरूम हा पदार्थ आहे, अर्धवट कुजलेला खडक. त्याला ‘आड’ लागून विशेषण झालं, रेतीचं रेताड झालं तसंच. मुरमाड म्हटलं की जमीन कशाची आहे ते कळतं; बरड म्हटलं की ती कशी वागते ते.

कळमेश्वरच्या पुढे काटोलच्या बाजूला रस्त्यासाठी टेकाड कापलेलं दिसलं की गाडी थांबवून बघा. वर जेमतेम एक वीत तपकिरी-तांबूस माती, तीही निम्मी खड्यांची. कुसळी गवताच्या मुळ्या तेवढ्यातच आडव्या पसरलेल्या, कारण खाली जायला जागा नाही. त्याखाली पिवळट-करडा मुरूम. त्यातला एखादा गोटा हातात धरून दाबला तर कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. त्याखाली काळा दगड. वरच्या मातीची मूठ घेऊन दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढली, तर वर राहील तो मृदाशास्त्राच्या हिशेबी खडा, खाली पडेल तीच माती. बरडाच्या मुठीत बरंचसं चाळणीवरच राहतं.

आता त्याच उतारावरून खाली या. पायथ्याच्या वावरात काळी जमीन, उन्हाळ्यात भेगांत काठी उभी जाईल इतकी खोल. दगड तोच, पाऊसही तोच. फरक उताराने केला. पाणी वेगाने धावतं, बारीक चिकणमाती सोबत नेतं, जड खडे मागे राहतात. माती जितकी तयार होते तितकी निघून जाते, म्हणून थर वाढतच नाही. आपल्याकडे वर्षाला ११०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तरी आठ-दहा दिवसांची उघडीप पडली की बरडावरचं पीक आधी माना टाकतं. नुसतं वाईटच सांगायला नको: निचरा उत्तम असतो. संत्र्याला पायात पाणी साचलेलं चालत नाही, म्हणून खाली मुरूम लागणारी, थोडी बरी खोली असलेली जमीन बागवाल्यांना आवडते. बहार धरायला झाडाचं पाणी तोडून ताण देतात, तोही हलक्या जमिनीत लवकर बसतो.

शास्त्रज्ञांनी अशा जमिनीला ‘लिथिक उस्टॉर्थेंट’ असं नाव दिलंय. देशभरच्या जमिनींचा हिशेब ठेवणारं राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो आपल्याच नागपूरच्या अमरावती रोडवर आहे, तिथे हे नाव रोजचं. फोड मजेशीर आहे: ‘लिथिक’ म्हणजे दगडाशी टेकलेली, ‘उस्ट’ लॅटिनमधल्या ‘भाजलेलं’ या शब्दावरून, कोरड्या हवामानाची खूण, शेवटचं ‘एंट’ म्हणजे ‘रिसेंट’चं शेपूट, अजून न मुरलेली जमीन. ‘भाजलेलं’ वाचून मे महिन्यातल्या नागपूरकराला वेगळं समजावावं लागत नाही.

आणि नागपूरची बर्डी? तिचं, म्हणजे सीताबर्डीचं, नाव शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या गवळी भावांवरून पडलं, ही कथा तुम्ही ऐकली असेल. मला ती मागाहून जुळवलेली वाटते. १८१७ ची लढाई झाली ती टेकडी आजही खडकच आहे. उघड्या खडकाळ टेकाडाला भोवतालचे लोक ‘बरडी’ म्हणत असतील, हे मला भावांच्या गोष्टीपेक्षा जास्त पटतं. आपण ‘बर्डीवर जाऊन येतो’ असं म्हणतो, ‘बर्डीत’ क्वचितच. त्या ‘वर’मध्ये अजून टेकडी आहे.

तुमचं वाक्य मी असं करीन: ‘कोरड्या डोंगरउतारांवरची जमीन बरड असते, वीतभर मातीखाली मुरूम लागतो.’ आणि आजोबांना माझ्यातर्फे एक विचारा: त्यांच्या वावरात खरडी संपून बरडी कुठल्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, सुरू होते?